तेवीस डॉक्टर आणि एक कान

यादी रिकामी होती. अगदीच रिकामी नाही, वर 'मूळ' असा एक शब्द होता, पण त्याच्याखाली जिथे तेवीस नावं एकाखाली एक उभी असायची तिथे पांढरं मैदान पडलं होतं. तिने माउसचं चाक खाली फिरवलं, वर फिरवलं, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, जसा काही सगळा दोष चष्म्याचाच. 'मूळ'. एवढंच. डावीकडच्या टेबलावरची शेजारीण काहीतरी बोलत होती, हे तिच्या हलत्या ओठांवरून कळत होतं. बहुधा कालच्या सुट्टीबद्दल विचारत असणार, कारण भुवया वर गेल्या होत्या. तिने हसून मान हलवली. हो आणि नाही या दोन्हींना चालून जाईल अशी मान हलवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. छत्तीस वर्षांचा सराव होता तो.

काम तसं साधं. इस्पितळातले डॉक्टर यंत्रात बोलून ठेवतात, ते बोलणं इथे येतं, आणि या लांबट खोलीत सातजणी कानाला हेडफोन लावून ते टाइप करतात. पायाखाली पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प होतो, टाचेने दाबलं की दोन सेकंद मागे जातो. घरी अशी सोय असती तर काय हवं होतं, असं शेजारीण दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचीच. बाकीच्या सहाजणी सॉफ्टवेअर जसं आलं तसं, म्हणजे 'मूळ'वरच चालवायच्या. तिचं तसं नव्हतं. आवाजाच्या दहा पट्ट्या होत्या, वरखाली सरकणाऱ्या, एकेक जाड-बारीक सूर वाढवणाऱ्या नाहीतर दाबणाऱ्या, आणि त्या तिने एकेका डॉक्टरसाठी केसाकेसाने सरकवून जुळवल्या होत्या, आणि जुळल्या की नाव देऊन ठेवून दिल्या होत्या. त्याला प्रीसेट म्हणतात. नावं मात्र कुठल्या पुस्तकातली नव्हती. 'पंखा' म्हणजे डोक्यावर पंखा सोडून बोलणारे. 'चघळे' म्हणजे तोंडात सतत काहीतरी असणारे. 'जिन्यावरून', 'खवखव', 'घाईघाई', 'लाजाळू'. 'नाकातले थोरले' आणि 'नाकातले धाकटे' हे सख्खे भाऊ होते आणि एकाच खोलीत बसायचे. आणि सगळ्यांत शेवटी 'सावकाश'. हे म्हातारे डॉक्टर. स्कॅनचे फोटो बघून त्यावरचा अहवाल सांगायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डोळे शाबूत राहिले, डोकं शाबूत राहिलं, जीभ तेवढी लंगडी झाली. त्यांच्या एका प्रीसेटला तिला सात महिने लागले होते, आणि तोवर त्यांची एकेक ओळ ती जेवणाची सुट्टी मोडून वीसवीस वेळा ऐकायची. आज एक पट्टी रेघभर वर, चार दिवसांनी दुसरी अर्धी रेघ खाली, असं करत करत एक दिवस तो सगळा चिखल निवळला होता आणि आतून शब्द न् शब्द वर आला होता. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःशीच हसत होती आणि समोरून येणारा माणूस उगाच शर्टाची बटणं तपासायला लागला होता.

आता यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारेल. तर तिचा डावा कान बहिरा होता. थोडाथोडका नाही, ठार. सहा वर्षांची असताना गालगुंड झालं, आठ दिवस ताप, आणि ताप उतरला तेव्हा डावी बाजू बंद झाली होती. तिला ते कळलंसुद्धा नाही. आईला कळलं, कारण आईने डावीकडून दोन हाका मारल्या आणि मुलगी भिंतीकडे बघत बसली. आईने तिला उचलून उजवीकडे वळवलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की हे कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, लक्ष नव्हतं. आई वाईट नव्हती. आई घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाचं ऐकलं की आपणही त्याच्याइतकेच घाबरट होतो, हे तिला पुढे पस्तिशीत कळलं. पण तोवर सवय हाडात मुरली होती. वर्गात ती डाव्या भिंतीला चिकटून बसायची, म्हणजे सगळं जग उजवीकडे. रस्त्यात मैत्रिणींच्या डाव्या हाताला चालायची. तरी कुणीतरी चुकीच्या बाजूने बोलायचंच, आणि हिने उत्तर दिलं नाही की शिष्ट ठरायची. शाळेत तिला 'राणीसाहेब' म्हणत. बरं वाटायचं तिला ते. बहिरी म्हणण्यापेक्षा राणीसाहेब काय वाईट?

नवऱ्याला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. तो बिचारा झोपताना तिच्याजवळ मन मोकळं करायचा. नोकरीतला त्रास, भावाशी पडलेलं अंतर, असं सगळं. आणि ती उजव्या कुशीवर, म्हणजे चालू कान उशीत, म्हणजे आनंदच. एकदा त्याने अर्धा तास बोलून विचारलं, मग काय करू मी, आणि ती घोरायला लागली. दुसऱ्या दिवशी रडत तिने खरं सांगितलं तेव्हा तो आधी बघतच राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणजे चार महिने मी उशीशी बोलत होतो, म्हणाला. तेव्हापासून तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोपतो. इतकं सोपं झालं होतं ते, की दुसऱ्या कुणाला सांगणंही सोपं जाईल असं काही दिवस वाटलं. पण नोकरीचा फॉर्म समोर आला, त्यात एक ओळ होती, 'ऐकण्याची काही तक्रार आहे काय?' आणि तिने पेन उचलून 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. ऐकण्याच्या नोकरीत अर्ध्या कानाच्या बाईला कोण घेणार? सहा वर्षं झाली त्या सहीला.

आणि खरं सांगायचं तर ती सही तिने कष्टाने खरी करून दाखवली होती. दोन कानांची माणसं गोंगाटातून शब्द निवडून घेतात, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. एका कानाला निवड नसते. पंखा, बूट, खुर्चीची करकर आणि डॉक्टरचं बोलणं, सगळं एकाच पिशवीत कोंबून येतं. ती पिशवी तिने त्या दहा पट्ट्यांनी रिकामी करायला शिकून घेतलं होतं. सहा वर्षांत तिच्या कामात एकही रिकामी जागा गेली नव्हती. खोलीतला पहिला नियम हाच होता, भिंतीवर लावलेला: ऐकू आलं नाही तर अंदाजाने लिहायचं नाही, तिथे आडवी रेघ मारून जागा सोडायची. नियम चांगला, पण रेघ मारायला हात धजत नाही. बाकीच्यांच्या दिवसाला पाचसहा रेघा असायच्या. तिची एकही नाही. त्यामुळे अवघड ते सगळं तिच्याकडे यायचं आणि शेजारीण म्हणायची की तुझे कान आहेत की काय आहेत.

सुट्टी तिने कालच्या एका दिवसाची घेतली होती, मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. तेवढ्यात तिचा कॉम्प्युटर, जो महिनाभर रडतखडत चालत होता, तो पूर्ण पुसून त्यावर सगळं नव्याने टाकलं गेलं. ते करणारे दुरुस्तीवाले पन्नाशी उलटलेले, अतिशय नेटके गृहस्थ. पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय टिकसुद्धा न करणारे. ती त्यांच्याकडे गेली, शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, की माझं काही राहिलंय का हो. त्यांनी कागद काढला. छापलेली यादी, प्रत्येक ओळीपुढे टिक. हे घेतलं, ते घेतलं, तिच्या भाच्याचा वाढदिवसाचा फोटोसुद्धा घेतला होता. एकाच ओळीपुढे फुली होती. त्या ओळीवर लिहिलं होतं, 'जुनं – नको'.

"ताई, हे तुम्हीच लिहिलं होतं," दुरुस्तीवाले म्हणाले. "नको लिहिलंय म्हटल्यावर मी कशाला ओझं वाहू?"

तिला हसावं की रडावं ते कळेना. ते फोल्डर तिनेच केलं होतं. प्रीसेट तिथे ठेवले होते आणि त्यावर मुद्दाम असं नाव घातलं होतं, की चुकून कुणी तिच्या कॉम्प्युटरवर बसलंच तर त्याला ते उघडायचा मोह होऊ नये. कुणी पट्ट्या बघितल्या, सगळा आवाज उजवीकडे ओढलेला बघितला, तर दोन मिनिटांत ओळखलं असतं. सहा वर्षं कुणी उघडलं नव्हतं. इतकं छान लपवलं होतं, की एका प्रामाणिक माणसाने ते कचऱ्यात टाकलं. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती. ती आभार मानून परत आली आणि हेडफोन लावून बसली.

त्या दिवशी तिने पहिली रेघ मारली. म्हाताऱ्या डॉक्टरांच्याच अहवालात, तिसऱ्या ओळीत. टाचेने मागे, पुढे, मागे, पुढे, आवाज वाढव, कमी कर, डोळे मीट. काही नाही. ओल्या गोधडीखालून कुणी बोलावं तसं नुसतं घूंऽघूं. हात गार पडला होता. रेघ मारली आणि ती पडद्यावर अशी काही दिसली, की तिला वाटलं आत्ता खोलीतल्या सगळ्याजणी माना वळवतील. कुणी वळवली नाही. मग दुसरी मारली. संध्याकाळपर्यंत त्या एका अहवालात अकरा झाल्या. पट्ट्या नव्याने जुळवून बघितल्या नाहीत असं नाही. पण सात महिन्यांचं काम सात तासांत होत नसतं, आणि घाबरलेल्या कानाला तर काहीच ऐकू येत नाही. बसमधून घरी जाताना तिने ड्रायव्हरचं बोलणं, दाराची धाप, कुणाच्या तरी फोनमधलं गाणं, सगळं मुद्दाम ऐकून बघितलं. उजवा कान व्यवस्थित होता. तरी तिला वाटत राहिलं की तोही आता चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे या खोलीच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, लाल पेन्सिलवाल्या. समोर तिचा कालचा अहवाल होता आणि अकराही रेघांभोवती लाल गोल होते. रागावल्या नाहीत. इस्पितळातून निरोप आलाय एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्या डॉक्टरांचं बोलणं आता तुम्हालाही कळत नसेल, तर त्यांचं काम काढून दुसऱ्याला द्यावं लागेल असं तिथले लोक म्हणतायत. दोन वर्षं ते टिकलेत ते इथून अहवाल स्वच्छ जातो म्हणून. आज दुपारपर्यंत त्यांचा एक नवा अहवाल जायचा आहे, तो दोघींना वेगवेगळा देते, शेजारणीला आणि तुम्हाला, नंतर दोन्ही ताडून बघू. शंका आली की बाईंची हीच रीत होती. आणि जाताजाता, अगदी सहज, म्हणाल्या की तुमचीही प्रकृती बरी आहे ना, कान वगैरे एकदा तपासून घ्या. 

टेबलाशी परत येऊन ती नुसती बसली. पाय पेडलवर, पण दाबला नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांना तिने कधी बघितलं नव्हतं, फोनवरही कधी बोलली नव्हती. पण त्यांचा श्वास तिला ओळखीचा होता. लांब वाक्य झालं की ते तोंडाच्या लुळ्या कोपऱ्यातली लाळ गोळा करायचे आणि मग ओठांच्या फटीतून हवा ओढून घ्यायचे. कधी आवंढा. कधी खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज, म्हणजे फोटो नीट दिसत नाहीये. शंभर शंभर फोटो बघून हा माणूस कुणाच्या तरी पोटातली तांदळाएवढी गाठ शोधायचा आणि ती सांगताना त्याची जीभ त्याला दगा द्यायची. आणि आता तिच्यापायी त्याचं काम जाणार. तिला वाटलं, आपण दोघं एका दोरीने बांधलो गेलोत आणि त्याला बिचाऱ्याला ते माहीतही नाही. मग तिच्या मनात एकदम आलं, की जुना एखादा अहवाल परत ऐकायची वेळ आली, की तो जिथे थांबवला होता तिथूनच सुरू व्हायचा. आणि पट्ट्याही तेव्हाच्याच असायच्या. आपोआप. म्हणजे सॉफ्टवेअर ते कुठेतरी लिहून ठेवत होतं. फोल्डरमध्ये नव्हे, दुसरीकडे कुठेतरी.

ती उठून दुरुस्तीवाल्यांकडे जवळजवळ धावतच गेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सविस्तर सांगितलं, कारण थोडक्यात सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेजारी त्याच नावाची एक चिमुकली फाइल तयार होते, त्यात शेवटच्या सगळ्या सेटिंग्ज असतात, आणि रेकॉर्डिंग साठवणीत गेलं की तीही पाठोपाठ साठवणीत जाते. नव्वद दिवस राहते. साठवण उघडायला मात्र मोठ्या बाईंचा पासवर्ड लागतो, रुग्णांच्या खासगी गोष्टी असतात ना, आणि वहीत कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू, असं त्यांनीच विचारलं. ती म्हणाली, सांगते.

त्या केबिनपर्यंतची वीसेक पावलं ती फार हळू चालली. थापा तयारच होत्या, छत्तीस वर्षांत तिने त्यांचं कोठार भरून ठेवलं होतं. जुना संदर्भ बघायचाय. एक शब्द तपासायचाय. आणि आईचा हळू आवाज उजव्या कानात, कुणाला सांगायचं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण हे वाक्य काही गेलं नव्हतं. तिने दार ढकललं आणि म्हणाली की मला साठवणीतल्या जुन्या सेटिंग्ज हव्यात, माझे प्रीसेट गेलेत. मोठ्या बाईंनी मान वर केली.

"बाकी सहाजणी 'मूळ'वर काम करतात," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच का लागतात?"

कोठारातली एकही थाप या प्रश्नाला बसेना. आणि गंमत म्हणजे तिला हायसं वाटलं. दात काढायला बसल्यावर, आता पळता येणार नाही हे कळल्यावर वाटतं ना, तसलं हायसं.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. हे सगळं मी एका कानाने आणि त्या प्रीसेटवर केलंय."

 काचेपलीकडे सहाजणींची बोटं चालू होती आणि त्यांचा आवाज आत येत नव्हता. बाईंनी तिच्याकडे, मग लाल गोलांकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. कशाची ते तिला माहीत होतं, आणि ते आलं असतं तरी चाललं असतं, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं. सांगून झालं होतं. छत्तीस वर्षं दाबून धरलेलं झाकण उडालं होतं आणि छत जागच्या जागी होतं. शेवटी बाईंनी विचारलं की किती वेळ लागेल. ती म्हणाली, दोन तास. फॉर्मचं नंतर बघू, असं म्हणून बाई उठल्या, स्वतः साठवणीपाशी आल्या, पासवर्ड घातला आणि वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कामासाठी आवश्यक'.

चिमुकल्या फाइली साध्या होत्या. उघडलं की दहा आकडे, मध्ये स्वल्पविराम. उणे सात, उणे अकरा, शून्य, अधिक चार. बघताना वाटावं शाळेतलं गणित आहे. तिने पहिली उघडली ती पंखेवाल्यांची, आकडे एकेक करून पट्ट्यांत भरले, पेडल दाबलं, आणि पंखा हवेत विरून गेला आणि त्याखालून डॉक्टर स्पष्ट, खणखणीत म्हणाले की रुग्णाचा रक्तदाब स्थिर आहे. तिला ओरडावंसं वाटलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. मग चघळे, मग खवखव, मग जिन्यावरून. जिन्यावरचे डॉक्टर धापा टाकत वर आले आणि तिच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागले. नाकातले थोरले आणि धाकटे पाठोपाठ आले, भांडत असावेत असे. प्रत्येक आवाज परत आला की ती त्याला नाव द्यायची, जतन करायची आणि पुढच्याला हाक मारायची. दंग्यात पांगलेली पोरं एकेक करून घरी परतावीत आणि दारातल्या बाईने त्यांची डोकी मोजावीत, तसं चाललं होतं. काही आकडे बघून तिला स्वतःचंच नवल वाटलं. ही सहावी पट्टी अर्धीच रेघ का खाली? आणि मग आठवायचं: तो हिवाळा, नाक चोंदलेलं, आणि ती 'स' आणि 'श' वेगळे काढायला तीन दिवस झगडत होती. हे सगळं तिने केलं होतं. चोरून, अपराध्यासारखं केलं होतं, पण केलं होतं तिनेच, आणि काम झकास होतं. तिला अभिमान वाटला. इतका मोकळा, इतका उघडाउघड अभिमान तिला कधी वाटला नव्हता. शेजारणीने डावीकडून काहीतरी विचारलं तेव्हा ती सरळ वळून म्हणाली की अगं, या कानाने मला ऐकू येत नाही, इकडून बोल. शेजारीण आ वासून बघत राहिली, मग उठून खरोखर इकडच्या बाजूला आली आणि म्हणाली की म्हणजे सहा वर्षं मी भिंतीशीच बोलतेय. ती म्हणाली, माझा नवरा उशीशी बोलत होता, तू त्या मानाने बरी.

तेवीसांपैकी एकवीस सापडले. 'लाजाळू' बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि 'घाईघाई' परदेशी गेले होते, त्यांचं नव्वद दिवसांत काहीच नव्हतं. असू दे. 'सावकाश' तिने मुद्दाम शेवटाला ठेवले होते. कालच्या फाइलमध्ये भलतेच आकडे होते, कारण काल तिने घाबरून पट्ट्या कशाही सरकवल्या होत्या. पण परवापूर्वीची उघडली आणि दहाही आकडे ओळीने उभे. तिने ते एकेक करून भरले, हात पुसून भरले. हेडफोन नीट बसवला. पेडल दाबलं.

म्हातारे डॉक्टर बोलायला लागले. हळू, अडखळत, पण स्वच्छ. उजवं मूत्रपिंड आकाराने नेहमीसारखं. डावं मूत्रपिंड आकाराने नेहमीसारखं. खडा नाही, सूज नाही. ती लिहीत गेली, टाच एकदाही खाली आली नाही. मग खुर्ची पुढे सरकली. मग म्हणाले, मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला साधारण दोन सेंटिमीटरची गाठ, काढून टाकण्याजोगी. तिने टाच दाबली. परत ऐकलं. आणखी एकदा. 'मूत्रपिंडाच्या' याच्या आधी एक ओढलेला आवाज होता, 'उज्' असा, आणि तो शब्द नव्हता. ती त्याला ओळखत होती. तो त्यांचा श्वास होता, लुळ्या कोपऱ्यातून घेतलेला. कुठल्या बाजूचं मूत्रपिंड हे ते बोललेच नव्हते. त्यांना वाटलं असणार की बोललो. तिने तिथे रेघ मारली, आणि या वेळी हात गार पडला नाही.

मोठ्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. शेजारणीच्या कागदावर पाच रेघा होत्या, पण त्या ठिकाणी रेघ नव्हती. तिथे 'उजव्या' असं ठळक लिहिलं होतं. तिच्या कागदावर एकच रेघ, नेमकी तिथेच. बाईंनी स्वतः हेडफोन लावून ऐकलं, दोनदा, आणि म्हणाल्या की मला तर उजव्याच ऐकू येतं. शेजारीण म्हणाली, मलाही. दोघींचे मिळून चार कान होते. ती म्हणाली की नाही बाई, तो श्वास आहे. शांतपणे म्हणाली. बाईंनी एकवार तिच्याकडे बघितलं, फोन जवळ ओढला, इस्पितळाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून ठेवला. पलीकडे बरीच खुडबुड झाली, मग म्हातारे डॉक्टर आले. बाईंनी विचारलं की वरच्या टोकाची ती गाठ कुठल्या मूत्रपिंडात. कागद उलटल्याचा आवाज आला.

"डाव्या," डॉक्टर म्हणाले. लंगड्या जिभेने, पण सगळ्यांना कळेल असं. "डाव्या. सांगितलंय मी."

शेजारणीचा हात तोंडावर गेला. बाई फोनकडे बघत राहिल्या. तिने खुर्ची पुढे घेतली आणि दोन वर्षं ज्या माणसाचा शब्द न् शब्द लिहिला होता त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"नाही डॉक्टर, तिथे तुम्ही नुसता श्वास घेतलात. बाजू सांगितली नाहीत."

पलीकडे पुन्हा खुडबुड झाली. मग त्यांनी फोनजवळ रेकॉर्डिंग लावलं असावं, कारण त्यांचाच आवाज दूरवरून एकदा येऊन गेला, आणि पुन्हा एकदा. मग ते परत आले आणि फार सावकाश म्हणाले की खरंय, नाही सांगितली. थांबले. आणि म्हणाले, कोण बोलतंय हे?

ती उत्तर द्यायला गेली, पण तिच्या आधी मोठ्या बाई बोलल्या.

"आमच्याकडच्या सगळ्यात चांगलं ऐकणाऱ्या बाई आहेत या, डॉक्टर. तुमचं काम इथून पुढेही याच बघतील."